आभार मानायचे कुणाचे आणि कधी

(गोव्यातल्या पेडणे तालुक्यात पर्यटनाच्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, फोन उघडला की पन्नास भाषांतले आभार एका जागी मिळतात. पाठांतराला एक संध्याकाळ पुरते, त्यासाठी मला बोलवायची गरज नव्हती. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहून मी जे पाहिलं ते वेगळं आहे. पोरांना शब्द येतो. तो कधी म्हणायचा, समोरच्याने म्हटला तर उत्तर काय द्यायचं, हे येत नाही.

जर्मन पाहुण्याला विचारलं, आणखी चहा देऊ? तो म्हणाला, ‘दांके’. आपला वेटर खूश होऊन कप भरतो आणि पाहुणा बघतच राहतो. कारण अशा वेळी नुसतं ‘दांके’ म्हणजे ‘नको’. हवा असता तर तो ‘बिट्टे’ म्हणाला असता. फ्रेंच पाहुण्याच्या ‘मेर्सी’चंही पुष्कळदा तसंच असतं. शंका आली तर त्याच्या हाताकडे बघा. आपणही पंगतीत पुरे झालं की ताटावर हात आडवा धरतो, तोंडाने कुठे काय बोलतो?

मोरजी-हरमलात पाट्यासुद्धा रशियन लिपीत लागतात, त्यामुळे ‘स्पासीबा’ तिथल्या शॅकवाल्यांना पाठ आहे. पण रशियन गिऱ्हाईकच ‘स्पासीबा’ म्हणालं की आपली गाडी अडते. उत्तर आहे ‘पझालुस्ता’. विनंती करतानाही हाच शब्द. इस्रायली ‘तोदा’ म्हणाले तर ‘बेवाकाशा’ म्हणा, तोही असाच दोन्हीकडे चालतो. मराठीत आपण काय म्हणतो? ‘त्यात काय!’ किंवा ‘असू दे हो.’ वाईट नाही, पण म्हणताना आपण लाजून दुसरीकडे बघतो. पाहुण्याला वाटतं, याला राग आला.

पोर्तुगीजमध्ये पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याचा संबंध नाही, बोलणारं कोण ते महत्त्वाचं. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे समजायला वेळ लागतो. आपल्याला लागू नये, कारण निघताना आपणही ‘येतो’ नाहीतर ‘येते’ म्हणतोच. थाई भाषेत तर शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि बाईने ‘खा’ जोडायचं असतं.

इथे एक बाजारगप्प मोडून टाकते. जपानी ‘अरिगातो’ हा म्हणे पोर्तुगीजांच्या ‘ओब्रिगादो’वरून आला. गोव्यात हे फार अभिमानाने सांगतात, कारण सेंट झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला गेला. पण पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले १५४३ मध्ये, आणि ‘अरिगातो’चं जुनं रूप त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या जपानी साहित्यात आहे. गोव्याचं श्रेय गेलं, इलाज नाही.

आता घरचं बघू. आभाराचं कोकणी ‘देव बरें करूं’ हे आपल्याकडे हिंदूही म्हणतात, ख्रिस्तीही. सभेत, चर्चमध्ये, देवळाच्या अंगणात ते शोभतं. पण सकाळी सायकलचा पों-पों ऐकून पोदेराकडून पाव घेताना कोण म्हणतं? वहिनीने पानात हुमण वाढलं आणि तुम्ही ‘धन्यवाद’ म्हणालात, तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. ‘काय झालंय आज हुमण!’ म्हटलं की काम होतं. परदेशी पाहुण्याला हे सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं ही माणसं आभारच मानत नाहीत.

मला खटकतं ते दुसरंच. पैसे देणाऱ्याची भाषा आपण लगेच उचलतो. गोव्याची भाजी बेळगावहून येते, आणि ती उतरवणारा कन्नड बोलणारा माणूस वर्षानुवर्षं दारात येतो. त्याला आपण हिंदीत हाक मारतो, तीही एकेरीत. ‘धन्यवादगळु’ जड वाटत असेल तर त्याच्या तिकडचं ‘भाळ चलो आत री’ म्हणा, म्हणजे ‘फार बरं झालं हो’. त्यातला ‘री’ गाळू नका, आदर त्या ‘री’मध्ये आहे. स्वयंपाकघरात नेपाळी मुलगा असेल तर त्याला ‘धन्यवाद’ कळतोच, फक्त तो ‘धन्यबाद’ म्हणेल.

आता मागे बसलेल्यांनी पुढे या, उच्चार करून बघू. पहिला ‘पझालुस्ता’. त्यातला ‘झ’ ‘झाड’ शब्दातला नाही आणि ‘माझ्या’ शब्दातलाही नाही. मराठीत तो आवाजच नाही. ‘श’ लांबवत म्हणा आणि तो म्हणता म्हणता घसा घुमू द्या. हां, असा.