कोरी जागा जुळवताना

[दृश्य: खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांची, लाकडी केस (कप्प्यांची पेटी), वरून. हात एका मोठ्या कप्प्यात जातो आणि मूठभर तुकडे बाहेर काढतो.]

या कप्प्यात अक्षरं नाहीत. शिशाचे हे तुकडे वरून सपाट आहेत, त्यांच्यावर काहीच कोरलेलं नाही. बारीक तुकड्याला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, स्पेस म्हणतो, जाड तुकड्याला क्वाड. पानावर आपल्याला जिथे नुसता कागद दिसतो, तिथे छापताना यातलं काहीतरी बसवलेलं असतं.

आज जुळवायची आहे आठ ओळींची एक कविता, चार-चार ओळींची दोन कडवी. कागद १८ सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच. त्यावर कवितेशिवाय काही छापायचं नाही: नक्षी नाही, चौकट नाही, पानाचा आकडाही नाही.

[दृश्य: एक खिळा आणि एक क्वाड शेजारी शेजारी उभे, अगदी जवळून.]

दोन्ही ओतले आहेत शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून. फरक उंचीत आहे. खिळा २३.३ मिलिमीटर उंच, क्वाड त्याहून सुमारे चार मिलिमीटर बुटका. शाईचा रूळ खिळ्यांच्या माथ्यावरून फिरतो आणि क्वाडला न शिवता पुढे जातो. सगळी कोरी जागा या चार मिलिमीटरच्या खड्ड्यात राहते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हा खड्डा दगा देणार आहे.

[दृश्य: डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी. अंगठा ओळीवर. उजवा हात केसकडे जातो, परत येतो.]

स्टिकची रुंदी २४ पायका लावली आहे. एक पायका म्हणजे १२ पॉइंट आणि एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. ओळीची रुंदी झाली दहा सेंटिमीटरच्या किंचित वर. खिळे १६ पॉइंटचे. अक्षरं उलटी, पाय वर, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक खिळ्याच्या अंगावरची खाच वरच्या बाजूला आली, की खिळा सरळ बसला हे बोटाला न बघताही कळतं.

आता दोन शब्दांमधली जागा. १६ पॉइंटचा क्वाड १६ बाय १६ चा चौरस असतो. त्याचे तीन भाग केले तर ५.३ पॉइंटची स्पेस, चार केले तर ४ पॉइंटची, पाच केले तर ३.२ ची. इथे ४ पॉइंटची घेतली आहे. देवनागरीला एवढी पुरते, कारण शब्द कुठे संपला हे शिरोरेघ तुटल्यावर डोळ्याला लगेच कळतं. त्याहून जास्त जागा सोडली तर ओळ दात पडलेल्या फणीसारखी दिसू लागते.

कोरी जागा म्हटलं की ती सगळीकडे सढळ हाताने सोडायची, हा नव्या माणसाचा हमखास गैरसमज. अक्षरांमध्ये सर्वांत कमी, शब्दांमध्ये त्याहून जरा जास्त, ओळींमध्ये त्याहून जास्त, कडव्यांमध्ये आणखी, आणि समासात सर्वांत जास्त, अशी ती आतून बाहेर वाढत जायला हवी. हा क्रम एका ठिकाणी उलटला तरी डोळा अडखळतो. शब्दांमधली जागा ओळींमधल्या जागेपेक्षा मोठी झाली, तर नजर शेजारच्या शब्दाकडे जायच्या ऐवजी खालच्या ओळीत घसरते. दोन्ही कडा जुळवलेल्या अरुंद स्तंभात हे सर्रास होतं. मोठ्या जागा एकाखाली एक येतात आणि मजकुरातून पांढऱ्या नद्या वाहू लागतात. त्या शोधायला पान उलटं धरून डोळे किलकिले करायचे. वाचता येईनासं झालं की नद्या दिसतात.

[दृश्य: ओळीतला शेवटचा शब्द संपतो. उरलेल्या जागेत एकामागून एक क्वाड.]

ही ओळ आखूड आहे. शब्द संपले १७ पायकांवर, पण ओळ २४ लाच पूर्ण करावी लागते. उरलेल्या सात पायकांत, म्हणजे ८४ पॉइंटांत, पाच क्वाड बसले. त्यांचे ८० पॉइंट झाले, राहिले ४. तिथे एक ४ पॉइंटची स्पेस.

[दृश्य: स्टिक किंचित पुढे कलते. ओळ उभीच राहते.]

ओळ बरोबर भरली का, याची परीक्षा ही. स्टिक कलवली तर ओळ आपल्या बळावर उभी राहिली पाहिजे, आणि अंगठ्याने ढकलली तर सरकलीही पाहिजे. सैल राहिली, तर उचलताना खिळे गळतील. जास्त घट्ट झाली, तर ती एकटी सगळा दाब स्वतःवर घेते आणि शेजारच्या सात ओळी सैल पडतात. बिघाड अर्ध्या पॉइंटाचाही असू शकतो. त्यासाठी तांब्याच्या अर्ध्या पॉइंटच्या आणि पितळेच्या एक पॉइंटच्या पातळ पट्ट्या असतात. त्या ओळीच्या टोकाला घालायच्या नाहीत, तिथे त्या वाकतात किंवा निसटतात. दोन जाड क्वाडांच्या मध्ये घातल्या की जागच्या हलत नाहीत.

कागदावर या आखूड ओळीनंतर काहीच दिसणार नाही. जुळवायला मात्र ती लांब ओळीपेक्षा जास्त वेळ घेते.

[दृश्य: ओळींमध्ये पट्ट्या सरकवणारी बोटं.]

दोन ओळींमध्ये लेडच्या, म्हणजे शिशाच्या, पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टी २ पॉइंटची, अशा तीन, म्हणजे ६ पॉइंट. दोन कडव्यांमध्ये आणखी १२. देवनागरीत ओळीच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत 'द्धू' आणि बरोबर त्याच्याखाली 'र्थीं' आलं, तर मधला पांढरा पट्टा जवळजवळ मिटतो. धातूच्या खिळ्यात हे सगळं खिळ्याच्या अंगावरच बसवलेलं असल्याने निदान टक्कर होत नाही. संगणकावर ती होते. मांडणीच्या अनेक प्रणालींमध्ये ओळींचं अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरलेलं असतं, आणि ते रोमन लिपीचं माप आहे. देवनागरीला दीडपटीच्या आसपास नेऊन बघावं आणि तिथून डोळ्याने कमी-जास्त करावं. आपोआप आलेला आकडा तसाच ठेवणं म्हणजे साधेपणा नव्हे, तो निव्वळ आळस.

लेडची पट्टी ओळीपेक्षा केसभरही लांब चालत नाही. लांब झाली की मजकूर कसून धरणाऱ्या चौकटीचा दाब पट्टी खाते आणि खिळे मोकळे राहतात. दोन तुकडे जोडून लांबी करायची असेल, तर जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. विटांच्या बांधकामासारखे ते आलटून पालटून ठेवायचे.

[दृश्य: सपाट लोखंडी पाटा. बांधलेली कविता चौकटीच्या आत सरकते. तिच्या भोवती ठोकळे.]

आठ ओळी, सात जागा, एक कडव्याची फट. सगळं मिळून १८२ पॉइंट, म्हणजे ६.४ सेंटिमीटर उंची. हा पूर्ण आयत मजकुराने भरला आहे असं धरलं, तरी तो पानाचा जेमतेम १३ टक्के भाग होतो. बाकीच्या ८७ टक्क्यांचं काय करायचं, हा पाट्यावरचा खरा प्रश्न.

पानाच्या उंचीतून कविता वजा केली, की २०.६ सेंटिमीटर उरतात. वर १०.३ आणि खाली १०.३ केलं, तर गणित बरोबर येतं आणि कविता घसरल्यासारखी दिसते. डोळ्याला मध्य वाटतो तो मोजलेल्या मध्याच्या थोडा वर असतो. म्हणून इथे दोनास तीन असं वाटप केलं आहे: वर ८.२, खाली १२.४.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर कवितेच्या आकाराची चिठ्ठी. ती आधी मधोमध, मग वर सरकते, मग थोडी उजवीकडे.]

आडवा हिशेबही असाच फसवा आहे. सर्वांत लांब ओळ एकच आहे, बाकीच्या आखूड. लांब ओळ मधोमध ठेवली, तर उजवीकडच्या सगळ्या मोकळ्या जागा एकत्र येतात आणि कविता डावीकडे झुकलेली वाटते. बहुतेक ओळी जिथे संपतात ती सीमा धरून मध्य काढायचा, म्हणजे अख्खा मजकूर थोडा उजवीकडे जातो. किती, याला सूत्र नाही. चिठ्ठी सरकवायची, चार पावलं मागे जायचं, बघायचं. डिझाइनबद्दलच्या बोलण्यात 'मजकुराला श्वास घेऊ द्या' हे वाक्य फार ऐकू येतं. पाट्यापाशी ते उपयोगाचं नाही. किती पॉइंट, ते सांगावं लागतं.

[दृश्य: ठोकळे चौकटीत बसतात, भिंगरीसारखे. पाचरी. किल्ली फिरते.]

मजकुराभोवती चार ठोकळे, प्रत्येकाचं एक टोक कोपऱ्याच्या पुढे आलेलं, भिंगरीच्या पात्यांसारखं. टोकं एकमेकांना भिडली, तर ठोकळेच एकमेकांना दाबत बसतात आणि मजकूर मोकळा राहतो. दोन बाजूंना पाचरी. आधी त्या बोटाने कसायच्या, मग मऊ लाकडाचा ठोकळा मजकुरावर ठेवून हलकेच ठोकायचं, म्हणजे सगळे खिळे पाट्याला टेकतात. त्यानंतर किल्ली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. शेवटी चौकटीचा एक कोपरा उचलून त्याखाली किल्ली सरकवायची आणि बोटाने दाबून बघायचं. एकही खिळा खाली गेला नाही, तर फर्मा, म्हणजे छापायला कसलेली चौकट, तयार.

[दृश्य: यंत्र सुरू. रूळ फिरतात. पहिला कागद. दुसरा. कॅमेरा कागदावर जातो: आखूड ओळीनंतर एक काळा चौकोन.]

तो बघा, चौकोन.

पाचरी जास्त कसल्या की फर्मा कमानीसारखा किंचित वर उचलला जातो. यंत्राच्या प्रत्येक धक्क्याबरोबर क्वाड वर चढू लागतो, आणि चार मिलिमीटरचा तो खड्डा भरून येतो. रूळ त्याला शाई लावतो. कोरी जागा छापली जाते. इलाज एकच: यंत्र थांबवायचं, पाचरी सोडायच्या, पुन्हा ठोकायचं, आणि दोष कोणत्या ओळीत आहे ते शोधायचं. वर आलेला क्वाड नुसता दाबून पुढे गेलं, तर थोड्याच कागदांनंतर तो पुन्हा हजर.

[दृश्य: शाईच्या तबकडीवर रूळ. आवाज मोठा.]

शाई ऐकून लावतात. रूळ सुटताना बारीक चरचर असेल तर ठीक. चिकट, ओढल्यासारखा आवाज म्हणजे शाई जास्त झाली. जास्त शाईने पहिली बुजतात ती अक्षरांची पोटं, 'थ', 'घ', 'ष' यांच्या आतले पांढरे ठिपके. सर्वांत लहान कोरी जागा ती, आणि तीच आधी जाते. मग वाचणाऱ्याला 'घ' आणि 'ध' संदर्भावरून ओळखावे लागतात.

कागद टेकायला तीन पिना असतात, दोन खाली, एक बाजूला. गच्च भरलेल्या पानावर एक मिलिमीटर तिरपेपणा खपून जातो. इथे खपत नाही. अंगठ्याचा डाग, रुळाचा ओरखडा, कागदातला काळा तंतू, काहीच खपत नाही. साध्या पानाला मेहनत कमी लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी रद्दीची टोपली बघावी.

[दृश्य: रद्दीची टोपली. मग उघडं पुस्तक, दोन्ही पानं समोरासमोर.]

पुस्तकात हाच हिशेब जोडपानावर होतो. १८ बाय २७ च्या पानाला जुनी वाटणी अशी: आतला समास २ सेंटिमीटर, वरचा ३, बाहेरचा ४, खालचा ६. मजकुराला उरतात १२ बाय १८. म्हणजे मजकुराची उंची नेमकी पानाच्या रुंदीएवढी. समोरासमोरचे दोन आतले समास मिळून ४ होतात, बाहेरच्या समासाएवढे. म्हणून उघड्या पुस्तकात तीन पांढरे पट्टे सारख्या रुंदीचे दिसतात. जाड पुस्तकात बांधणी आतला समास गिळते. तिथे तीन ते पाच मिलिमीटर वाढवले नाहीत, तर हा सगळा तोल शिवणीत जातो.

[दृश्य: संग्रहातली दोन पानं. एक वेलबुट्टीने भरलेलं. दुसऱ्यावर फक्त अक्षरं आणि एक लांब लाल अक्षर.]

लंडनच्या हॅमरस्मिथ भागात थोड्या वर्षांच्या अंतराने दोन छापखाने निघाले. विल्यम मॉरिसचा केल्म्सकॉट १८९१ मध्ये. तिथे १८९६ साली छापलेल्या, इंग्रज कवी चॉसरच्या ग्रंथात ८७ चित्रं आहेत आणि किनारी वेलींनी भरलेल्या आहेत. १९०० साली टी. जे. कॉब्डेन-सँडरसन आणि एमरी वॉकर यांनी डव्ह्ज प्रेस काढला. तिथे टाइप एकच आणि आकारही एकच, नक्षी नाही. पाच खंडांच्या बायबलच्या पहिल्या पानावर सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टनने रेखलेला लाल 'आय' (I हे इंग्रजी अक्षर) मजकुराच्या उंचीएवढा उभा आहे, बस्स. मॉरिसला समासाचं महत्त्व कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. आतला सर्वांत लहान आणि खालचा सर्वांत मोठा, हा क्रम तोही पाळायचा.

१९४७ पासून पेंग्विन या प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांना अक्षररचनाकार यान चिकोल्डने जुळणीचे नियम लावले. त्यात शब्दांमधली जागा शक्य तितकी कमी ठेवण्याचा आग्रह होता. संयम म्हणजे महागडा कागद आणि मोजक्या प्रती, हे समीकरण त्या पुस्तकांपुढे टिकत नाही.

कागद वाचवायचा म्हणून समास कापले जातात. चारही बाजूंना दीड सेंटिमीटर ठेवलं, की त्याच पानावर मजकूर १५ बाय २४ होतो आणि शंभर पानांचं पुस्तक साठ पानांत बसतं. ओळ लांबते, खालची ओळ सापडत नाही, अंगठा अक्षरांवर येतो.

[दृश्य: छापलेल्या कविता वाळत घातलेल्या. मग पाट्यावर सुटलेला फर्मा. रॉकेलचा बोळा.]

छपाई झाली. खिळे पुसून आपापल्या कप्प्यांत, लेडच्या पट्ट्या लांबीप्रमाणे, क्वाड जाडीप्रमाणे. १६ च्या कप्प्यात १४ चा क्वाड पडला, तर पुढच्या कामात दोन पॉइंटचा घोळ, आणि तो सापडायला तासभर.

अक्षरं कागदावर दाबली जाऊन झिजतात. झिजली की वितळवून नवी ओततात. क्वाड एरवी कागदाला शिवतच नाही. या कप्प्यातले तुकडे खिळ्यांचे अनेक संच होऊन गेले तरी तेच आहेत.

[दृश्य: केसचा कप्पा बंद होतो.]