लिलावानंतर उरलेला पैसा

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत घरपट्टी, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, वर्षानुवर्षं थकला की काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, घर लिलावात काढते, हे तुम्हाला माहीत आहेच. आज बोलायचं आहे त्यापुढचं. थकबाकी १५,००० डॉलरची, घर गेलं ४०,००० ला. मग वरचे २५,००० कोणाचे?

हे आकडे उदाहरणासाठी बनवलेले नाहीत. ते मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलर आजींचे आहेत. त्यांची हकीकत सावकाश ऐकण्यासारखी आहे.

टायलर आजींनी १९९९ मध्ये एका बेडरूमचा कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, घेतला. २०१० मध्ये आजींनी आणि घरच्यांनी ठरवलं की आता एकटं राहण्यापेक्षा ज्येष्ठांच्या वसाहतीत राहिलेलं बरं. आजी तिकडे गेल्या. मागे राहिलेल्या कॉन्डोची घरपट्टी मात्र कोणीच भरली नाही. २०१५ पर्यंत मूळ कर थकला होता सुमारे २,३०० डॉलर, आणि त्यावर व्याज-दंड चढला होता सुमारे १३,०००. मूळ कर २,३००, व्याज-दंड १३,०००! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. गावच्या सावकाराला आपण उगाच एवढी नावं ठेवतो. त्याच्या दारात जाऊन निदान गयावया तरी करता यायची. असो.

काउंटीनं कॉन्डो ताब्यात घेऊन ४०,००० ला विकला. थकबाकी फिटली. वरचे २५,००० आजींना मिळायला हवे होते, पण मिनेसोटाच्या तेव्हाच्या कायद्यात मालकानं ते मागण्याची सोयच नव्हती. उरलेला पैसा काउंटी, शहर आणि शाळांचा जिल्हा यांच्यात वाटला जायचा. आणि गंमत बघा, त्याच राज्यात बँकेनं कर्जापायी घर विकलं तर उरलेलं मालकाला परत. इन्कम टॅक्सपायी जप्ती झाली तरी उरलेलं मालकाला परत. फक्त घरपट्टीला वेगळं माप.

आजी कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, अपिलात हरल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. तिथं काउंटीनं म्हटलं, या घरावर आधीच बँकेचं कर्ज होतं, सोसायटीची थकबाकी होती, म्हणजे बाईंचं नुकसान काहीच नाही. कोर्टाला ते पटलं नाही. ते २५,००० हातात आले असते तर त्यातून तेवढी देणी तरी कमी झाली असती ना? सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात थेट १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत माग काढला: राजाच्या अधिकाऱ्यानंसुद्धा येणं असेल तेवढंच घ्यायचं, उरलेलं सोडायचं. २५ मे २०२३ रोजी निकाल लागला, नऊच्या नऊ न्यायाधीश आजींच्या बाजूनं. तेव्हा आजींचं वय होतं ९४.

आता या निकालावरून कोणी असं समजू नये की उरलेला पैसा आपोआप घरी येतो. येत नाही. मागावा लागतो, तोही मुदतीत. याच निकालात १९५६ च्या नेल्सन खटल्याची आठवण काढली आहे. न्यूयॉर्कमध्ये पाणीपट्टीचे ६५ डॉलर थकले म्हणून शहरानं मालमत्ता घेतली आणि ७,००० ला विकली. मालकांच्या हिशेबनिसानं नोटिसा दडवून ठेवल्या होत्या. पण तिथल्या कायद्यात उरलेली रक्कम मागायची वाट होती आणि मालकांनी वेळेत मागितली नाही. ते हरले. टायलर आजींना मागायची वाटच नव्हती, म्हणून त्या जिंकल्या. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

तर पहिली गोष्ट मुदत. मुदत आधी, कागद नंतर. टेक्सासमध्ये लिलावाच्या तारखेपासून दोन वर्षं. पैसा कोर्टाच्या क्लार्ककडे जमा असतो आणि विक्रीचा हुकूम देणाऱ्या कोर्टातच अर्ज करायचा. कॅलिफोर्नियात एक वर्ष, पण ते लिलावाच्या दिवसापासून मोजायचं नाही. खरेदीदाराचं खरेदीखत नोंदलं गेलं त्या दिवसापासून मोजायचं. मिशिगनमध्ये लिलाव व्हायच्याही आधी, जप्तीच्या वर्षी १ जुलैपर्यंत, फॉर्म ५७४३, म्हणजे उरलेला पैसा मागणार असल्याची सूचना, नोटरी करून द्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षी कोर्टात वेगळा अर्ज करायचा. राज्य बदललं की नियम बदलला. शेजाऱ्याला दुसऱ्या राज्यात मिळाले म्हणून आपल्यालाही तसेच मिळतील, असं धरून चालू नका.

फोन करायचा तो काउंटीच्या ट्रेझरर, टॅक्स कलेक्टर किंवा कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसात. पार्सल नंबर, म्हणजे मालमत्तेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, हाताशी ठेवा आणि चार गोष्टी विचारा: घर केवढ्याला गेलं, थकबाकी आणि खर्च किती कापला, उरलं किती, अर्जाची शेवटची तारीख कोणती. कुठे याला सरप्लस म्हणतात, कुठे एक्सेस प्रोसीड्स, कुठे ओव्हरेज. एका शब्दाला नकार मिळाला तर दुसरा वापरून बघा.

नोटीस पुष्कळदा त्याच विकल्या गेलेल्या घराच्या पत्त्यावर जाते आणि परत येते. म्हणून पत्र आलं नाही याचा अर्थ पैसा नाही असा होत नाही.

उरलेल्या रकमेवर पहिला हात सहसा बोजेवाल्यांचा, म्हणजे बँक आणि कोर्टाचे हुकूम मिळवलेले धनको. त्यांचं भागून राहील ते मालकाचं. इथे एक मेख आहे: कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेनं तशी नोंद केलेली नसते. कागदावर बोजा तसाच दिसतो आणि अर्ज अडकतो. बँकेकडून रिलीज, म्हणजे बोजा उतरल्याचा कागद, मागून आधी नोंदवून घ्या.

दुसरी अडचण नावाची. खरेदीखतावर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून सोबत जोडा. मालक हयात नसेल तर मृत्युदाखला आणि वारसदारीचा कोर्टाचा कागद लागतो. भावंडं भारतात असतील तर त्यांच्या मुखत्यारपत्राला अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागू शकतो. त्यात आठवडे जातात, तेव्हा ते काम पहिल्यांदा सुरू करा.

आणि आयत्या बिळावरचे नागोबा. लिलावाच्या याद्या सार्वजनिक असतात. त्या चाळून काही मंडळी पत्र धाडतात, ‘तुमचा पैसा आम्ही काढून देतो, वाटा आम्हाला.’ रक्कम किती ते सांगत नाहीत, लगेच सही मागतात. टेक्सासमध्ये वकील नसलेल्याला अशा कामाची फी घेताच येत नाही, आणि वकिलाच्या फीवरही कायद्यानं मर्यादा आहे: मिळालेल्या रकमेच्या २५ टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी ते. साधा, वाद नसलेला अर्ज स्वतःला करता येतो. दोन-तीन दावेदार भांडत असतील तर मात्र वकील घ्या.

अर्ज पाठवताना सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीटसह. पोस्टात मिळतं ते छोटं हिरवं कार्ड. ऑफिसात कोणीतरी त्यावर सही करतं आणि ते तुमच्याकडे परत येतं. सही आणि तारीख दोन्ही आहेत ना बघा, आणि अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.