बघायला नाही, खेळायला येणारा प्रेक्षक

तर मंडळी, एक तक्रार आपल्याकडे कायम ऐकू येते, तरुण पोरं घराबाहेर पडत नाहीत, नाटकाला येत नाहीत, सतत मोबाईलमध्ये. मला हे अजिबात पटत नाही. पोरं बाहेर पडतात, पैसेही मोजतात, फक्त अंधारात गप्प बसून दुसऱ्याचं बघत राहायची तयारी कमी झालीय, त्यांना त्या गोष्टीत स्वतःला काहीतरी काम पाहिजे आणि बरोबर चार माणसं पाहिजेत.

चीनचंच बघा. तिकडे ज्युबनशा नावाचा खेळ आहे. २०१६ मध्ये मँगो टीव्हीवर खुनी शोधायचा एक शो आला आणि त्यानंतर हे वेड असं पसरलं की मोठ्या शहरांत मॉलच्या वरच्या मजल्यांवर याचीच दुकानं निघाली. सहा-सात जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाला आपल्या पात्राची वही मिळते, त्यात त्याचा भूतकाळ, त्याने लपवलेलं काहीतरी, आणि यांच्यातलाच एक खुनी. मग भांडायचं, पुरावे तपासायचे, बिनधास्त खोटं बोलायचं, चार-पाच तास कसे जातात कळत नाही. माणसं कमी पडली तर अनोळखी लोकांना एकत्र करून ग्रुप बनवतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कारण नवीन शहरात नोकरीला आलेल्या पोराने ऑफिसबाहेर ओळखी करायच्या कुठे? काही स्क्रिप्टांत तर खून बाजूलाच राहतो, आई-मुलाची, ताटातुटीची गोष्ट असते, लोक ठरवून रडायला जातात. रडायला, पैसे देऊन, अनोळखी माणसांसमोर!

आणि यात लेखकाचं पोट आहे. एकदा खुनी कळला की ते स्क्रिप्ट तुमच्यापुरतं संपलं, म्हणून दुकानाला सतत नवं लागतं. काही स्क्रिप्टं कुणालाही विकतात, काही शहरातल्या मोजक्याच दुकानांना, काही फक्त एकालाच, त्याप्रमाणे भाव चढतो. २०२२ मध्ये सरकारने नियमही आणले, शाळेच्या दिवशी अल्पवयीन मुलांना खेळू द्यायचं नाही वगैरे.

शांघायमध्येच पंचड्रंक या ब्रिटिश कंपनीचं नाटक २०१६ पासून चालू आहे, प्रेक्षक मुखवटा घालून मजल्यामजल्यांवर नटांच्या मागे फिरतो, एका खेपेत सगळं दिसत नाही म्हणून परत जातो.

पण जागा चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, सुरक्षेत कंजुषी नको. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या एका एस्केप रूमला, म्हणजे कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडायच्या खेळाच्या जागेला, आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. आपल्या शेजारी राजकोटला मे २०२४ मध्ये गेम झोन जळाला, पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि फायर एनओसी नसेल तर ती जागा उघडूच नका.

आता आपलं. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, कॉलेजची पोरं दरवर्षी एकांकिका लिहितात, पात्रं उभी करतात, रहस्य शेवटपर्यंत ताणतात, आणि स्पर्धा संपली की बहुतेक संहिता कपाटात जातात. याच पोरांना सहा पात्रांचं, चार तासांचं मराठी स्क्रिप्ट लिहायला सांगा. वाड्यातली वाटणी घ्या, साखर कारखान्याची निवडणूक घ्या, खुनाचं कारण शोधत बसावं लागणार नाही. फक्त सहाही पात्रांना सारखं काम द्या, कारण पैसे सहाही जणांनी भरलेले असणार.