आधी तो बर्फ बाजूला करा! जॉर्जियाच्या रकात्सितेलीबद्दल थोडंसं

विषय ठरलाय रकात्सितेली, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन, चाखायची कशी, आणि ते मी सांगणारच आहे, पण मंडळी, आधी बर्फाबद्दल बोलू द्या. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं नाही हां, कॉकेशसच्या पायथ्याचं. त्याच्या पूर्व भागात काखेती प्रांत, तिथली ही द्राक्षं. तर तिबिलिसीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या राजधानीत, एका चकचकीत हॉटेलात मी क्वेव्रीतली, म्हणजे मातीच्या रांजणात केलेली, रकात्सितेली मागवली आणि वेटर काठोकाठ बर्फाची बादली घेऊन आला! मी म्हटलं, अरे बाबा बर्फ नको, तो म्हणे व्हाइट वाइन आहे सर, मी म्हटलं रंग बघ की तिचा, अंबर आहे, मधासारखा, तो हसला आणि बाटली बर्फात खोचून निघून गेला. मला खरंच राग आला, अजून येतो. फ्रीजमधून आत्ता काढलेला हापूस कापून बघा, वास येतो का? मग!

आणि ही काही साधी पांढरी वाइन नाही. क्वेव्री म्हणजे मातीचा अंड्याच्या आकाराचा रांजण, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काखेतीत द्राक्षं तुडवली की रसाबरोबर सालं, बिया, देठंसुद्धा आत टाकतात, पाच-सहा महिने झाकून ठेवतात आणि वसंतात उघडतात. जमिनीत पुरलेलं असल्यामुळे तापमान फार वरखाली होत नाही, वेगळं कूलिंग कशाला लागतंय. (अलावेर्दीच्या मठातले साधू आजही अशीच करतात, तिकडे गेलात तर चुकवू नका.) २०१३ मध्ये युनेस्कोनं ही पद्धत वारसा म्हणून मान्य केली, आणि २०१७ मध्ये तिबिलिसीच्या दक्षिणेच्या उत्खननातल्या खापरांवर जवळपास ८००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडल्याचं जाहीर झालं. आठ हजार! त्यावर आपण बर्फ ओततोय.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, पटापट घ्या. सालं-बियांमुळे हिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, असतं, रेड वाइनसारखं, आणि गार केलं की ते जास्त तुरट, कडवट लागतं, वास मात्र दबून जातो, माझा बर्फावरचा राग एवढ्यासाठीच आहे. १४ ते १६ डिग्रीला प्या, रुंद ग्लासात, आणि ओतल्यावर जरा थांबा. आधी वास: सुकं जर्दाळू, अक्रोड, थोडा मध. मग छोटा घोट, लगेच गिळायचा नाही, तोंडात फिरवा, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतील, त्याला घाबरू नका, तोच तिचा कणा आहे. नुसती पिऊ नका, तिकडे अक्रोडाचं वाटण भरलेल्या वांग्याबरोबर घेतात, आपल्याकडे दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी करा, तिखट जरा बेतानं.

प्रश्न असतील तर बाहेर विचारा, मी थांबतोय.