बाटलीतलं सलाईन आणि पिंपातलं सलाईन

नमस्कार श्रोतेहो. मिरगाचा पाऊस लागला की खानापूरकडच्या विहिरी गढूळतात आणि दवाखान्यांत जुलाबाचे पेशंट दिसू लागतात. सगळेच काही कॉलऱ्याचे नसतात. पण आज बोलायचं ते कॉलऱ्याविषयीच, म्हणजे जिच्यासाठी आपल्या आज्या मरीआईला नवस बोलायच्या त्या पटकीविषयी.

कॉलऱ्याचा जंतू घाणीनं दूषित झालेल्या पाण्यातून पोटात जातो, लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि विष सोडतो. ते विष आतडं कुरतडत नाही. अंगातलं मीठ-पाणी आतड्यात ओतायला लावतं, म्हणून जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. माणूस दगावतो तो पाणी गेल्यानं. परत सांगतो, पाणी गेल्यानं.

आता माझी आवडती गोष्ट. सीमा म्हटली की आपले कान टवकारतात, पण ही सीमा बंगालची. १९७१ साल. बनगावला पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे आले होते. दवाखान्यात खाटा संपल्या, माणसं जमिनीवर पडलेली. डॉ. दिलीप महालनबीस त्या घाणीतच गुडघे टेकून सुया टोचत होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. मग त्यांनी कोलकात्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बांधून घेतल्या. त्या पुड्या नळाच्या पिंपांतल्या पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांना सांगितलं, भरा पेले, पाजा. लोक बिचकू नयेत म्हणून त्याला नाव दिलं 'तोंडानं घ्यायचं सलाईन'! शंभरात तीसपर्यंत माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. कारण विष चढलं तरी साखरेबरोबर मीठ आत घेण्याची आतड्याची वाट उघडीच असते, आणि मिठामागून पाणी जातं.

आपल्याकडं मात्र सलाईन लावलं नाही तर डॉक्टर कच्चा ठरतो! आणि जत्रेतला तो लालभडक बर्फाचा गोळा. त्याचं पाणी कुठलं, कुणी विचारत नाही. कोकम सरबत काय वाईट होतं हो?

असो. ओआरएसची, म्हणजे या तोंडानं घ्यायच्या सलाईनची, तयार पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सहा साखर, अर्धं मीठ. मीठ वाढवू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, पेशंट गुंगीत गेला तर लगेच दवाखाना गाठा. तिथं बाटलीतलं सलाईन लागतंच, आणि वाटेत शुद्ध असेल तर पाजणं थांबवू नका.