कालव्याकाठचा काचशंकू

श्रोतेहो, नमस्कार.

काचेचा कारखाना म्हटला की आपल्याला आधी वाळू आठवते. इंग्लंडमधील स्टाउरब्रिजजवळच्या वर्ड्स्ली गावाच्या परिसरात मात्र काचकाम रुजले ते जमिनीखालच्या दोन गोष्टींमुळे: दगडी कोळसा आणि भट्टीची आच सोसणारी माती. 1615 साली काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास राजाज्ञेने मनाई झाली, आणि मूळची फ्रान्सकडील लोरेन प्रांतातली कारागीर घराणी कोळशामागोमाग या भागात येऊन स्थिरावली. वाळू काय, बाहेरून आणता येते. पण ज्या मुशीत काच वितळवायची, तिच्यासाठी लागणारी माती इथे पायाखालीच होती.

खरी अडचण होती तयार माल बाहेर धाडण्याची. खाचखळग्यांच्या रस्त्याने घोडागाडीतून पेले न्यायचे, तर मुक्कामी किती शाबूत पोहोचतील याचा नेम नसे. 1779 साली स्टाउरब्रिज कालवा खुला झाला आणि ही चिंता पुष्कळशी मिटली. वर्ड्स्लीला उतार मोठा असल्यामुळे तिथे ओळीने सोळा जलपाश बांधावे लागले. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. त्यात पाणी घेतले की नाव वर चढते, सोडले की अलगद खाली उतरते. काचेच्या मालाला याहून सुखाचा प्रवास कोणता?

याच कालव्याच्या काठी अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड ब्रॅडली यांनी रेड हाउस हा काचकारखाना उभा केला. त्याचा विटांचा शंकू सुमारे 30 मीटर उंच आहे. लांबून ती अवाढव्य चिमणी वाटते, आणि ती चिमणीच आहे. फरक इतकाच, की कारागीर तिच्या पोटात उभे राहून काम करीत. मध्यभागी भट्टी, तिला जमिनीखालच्या बोगद्यांतून येणारा वारा, आणि भोवती फुंकनळ्या घेतलेली माणसे. वाळू, शेंदूर आणि पोटॅश वितळवून केलेल्या स्फटिककाचेचा लालभडक गोळा नळीच्या टोकावर सतत फिरवत ठेवावा लागे. हात थांबला की गोळा लोंबू लागे. घडलेली वस्तू लगेच थंड हवेत ठेवली तर तडकते, म्हणून ती लांबट, तापवलेल्या बोगद्यातून हळूहळू पुढे सरकवत निववीत.

इतकी काळजी घेऊनही काच दगा देतेच. फिलिप पार्गेटर यांच्याकडे रेड हाउस असताना तिथे निळ्या काचेवर पांढरा थर चढवलेले एक पात्र फुंकण्यात आले, आणि जॉन नॉर्थवूड यांनी तो पांढरा थर कोरून ब्रिटिश म्युझियममधील प्राचीन रोमन ‘पोर्टलंड’ पात्राची प्रतिकृती साकारली. सुमारे तीन वर्षे चाललेले हे काम 1876 साली पूर्ण झाले, पण त्याआधीच पात्राला तडा गेला होता. मूळ पात्राचे नशीब तरी कुठे बरे होते? 1845 साली एका प्रेक्षकाने त्याचा चक्काचूर केला होता आणि तुकडे जोडून ते पुन्हा उभे करावे लागले होते. नॉर्थवूड यांनीही तडकलेले पात्र टाकून न देता कोरीवकाम तडीस नेले.

1881 च्या सुमारास कारखाना फ्रेडरिक स्टुअर्ट यांच्याकडे आला. 1936 साली शंकूतली भट्टी विझली, पण काम रस्त्यापलीकडच्या नव्या कारखान्यात चालू राहिले आणि 2001 मध्ये तेही थांबले. आता तिथे नावांत काच चढत नाही. शंकू मात्र कालव्याकाठी उभा आहे. संपूर्ण ब्रिटनमध्ये असे अखंड काचशंकू चारच उरले आहेत.