परसबाग हा सुतारकीचा विषय आहे

(लातूरच्या एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधी पकडून बसलेले सुज्ञ लातूरकर,

पत्रिकेवर माझा विषय ‘घरच्या घरी भाजीपाला’ असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण आधी लाकडाचं बोलतो, कारण आपल्याकडं परसबाग हा शेतीचा विषय नाही, सुतारकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बी काय, कुणीही टाकतं. उगवतंही. पण एप्रिलचं ऊन लागलं की त्याला आडोसा, मांडव आणि ओल धरणारी पेटी लागते. ती कोण करणार? कृषी खात्याचा माणूस?

लाकूड आपल्या गल्लीतच आहे. इथले निम्मे लोक माळवदाखाली जन्मले असतील. खांब, तुळया आणि वर पांढरी माती. घर केवढं विचारलं की लोक खण, म्हणजे खांबांमधले गाळे, मोजून सांगायचे. मग ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आली आणि सगळ्यांनीच माळवदाची धास्ती घेतली. घेणारच. दगडगोट्यांच्या जाड भिंती, सांध्यात नुसती माती आणि डोक्यावर मातीचा भार, त्याखाली माणसं गेली. पण शिक्षा झाली ती लाकडाला. उतरवलेल्या तुळया बंबात गेल्या, अजून जातात. आणि आपण दुकानातून भुशाच्या फळीचं कपाट आणतो, जे एका पावसाळ्यात फुगतं.

आमच्या गल्लीत मध्यंतरी एक वाडा पाडला. तुळया बघून मी ठेकेदाराला विचारलं, ह्या कुठं चालल्या? म्हणाला, “लग्नाच्या आचाऱ्याला दिल्यात.” मी म्हटलं, अहो, साग आहे हा! तर म्हणतो, “साग असू द्या नाहीतर बाभूळ, बुंदीला काय कळतंय?” (हशा) हसू नका, पुढं ऐका. मी ‘साग’ म्हटल्याबरोबर त्याचा किलोचा भाव घनफुटावर गेला. आचाऱ्याला सरपण आणि मास्तराला इमारती लाकूड, एकाच ढिगातून! तासभर घासाघीस झाली. मध्ये चहा झाला, तो मीच पाजला. तेव्हा लिहून घ्या, जुनं लाकूड घ्यायला गेलात तर त्याचं कौतुक करायचं नाही. तोंड वाकडं करून “वाळवी दिसतेय” एवढंच म्हणायचं.

ढीग अंगणात पडला तर शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हळूच विचारलं, “कोण गेलं हो?” (मोठा हशा)

तर लाकूड आलं की लगेच करवत लावू नका. आधी लोहचुंबक फिरवा. जुना खिळा आत मोडून बसलेला असतो, रंध्याचं पातं त्यावर गेलं की धार संपली. मग पटाशीच्या टोकानं टोचून बघा. टोक भस्सकन आत गेलं तर तेवढा भाग कापून टाका, अख्खी तुळई नाही. रंगवलेली जुनी दारं भाजीच्या पेटीला नकोत. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि घासताना ती धूळ नाकात जाते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही नकोत, त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरायचं विषारी डांबरी तेल, पाजलेलं असू शकतं. एमआयडीसीतून भंगारात येणारे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, चालतात, पण शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाईल ब्रोमाईडची धुरी, ते फुकट मिळालं तरी सोडा. शिक्काच नसेल तर... हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे भाजीला पाच मिनिटं! बरं.

पेटी. लांबी लाकूड असेल तेवढी. भिंतीला टेकून असेल तर रुंदी दोन फूट, दोन्हीकडून हात पोचत असेल तर चार. पालेभाजीला आठ इंच माती पुरते, वांग्या-टोमॅटोला फूटभर तरी हवी. कोपऱ्यांना नुसते खिळे ठोकू नका, एका फळीला खाच पाडून त्यात दुसरीचं कुसू, म्हणजे कोरलेलं टोक, बसवा. ओली माती फळ्या बाहेर ढकलते, आणि आपली काळी माती तर ओलीत फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून ती एकटी भरायची नाही. निम्मी माती आणि निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत नि पालापाचोळा असं मिसळा. तळाला भोकं हवीत.

पाणी. टाक्यांभोवती जमावबंदी लागलेलं आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपलं गाव, त्यामुळं नळी लावून बाग भिजवा असं मी म्हणणार नाही. पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तिथंच ओता, साबणाचं नको. मातीवर उसाचं पाचट किंवा कडब्याचा चुरा पसरा, ओल टिकते.

मांडव तुराट्यांचा. फुकट मिळतात. पश्चिमेच्या बाजूला उभा करा, त्यावर दोडका नाहीतर कारलं चढवा, मागच्या पेटीला दुपारची सावली मिळते. मेथी-शेपू थंडीत, उन्हाळ्यात तांदळजा आणि चवळी. शेवगा पेटीत लावू नका, त्याला जमीनच द्या.

दुसरी चिठ्ठी. शेवटचं सांगतो. पेटीला जळकं इंजिन ऑइल लावायची पद्धत आहे, ती भाजीला अजिबात नको. बाहेरून कच्चं जवसाचं तेल लावा. सागाला तेही नाही लावलं तरी चालतं. शिक्का नसलेल्या पॅलेटचं काय, ते चहाच्या वेळी विचारा.